कातरणीचं जेवण

न्हाणीघराच्या मोरीवरची जाळी उचकटून नेस्टानं आत दोन बोटं घातली आणि केसांचा ओला पुंजका ओढून काढला. त्याच्यासोबत चिखल आला, साबणाचा बुळबुळीत थर आला आणि कुणाच्या तरी गुडघ्यावरची रक्त लागलेली चिकटपट्टीही आली. तिनं ते सगळं बादलीत टाकलं आणि तोंड फिरवलं. मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं आलेलं कोकरू ओढणारी बाई ती, तिला घाणीचं वावडं नव्हतं. पण मेंढीची घाण मेंढीची असते, तिला कुणी नाव ठेवत नाही. ही घाण पैसे मोजून आलेली होती आणि जाताना वर 'स्वच्छता बरी' असा शेरा मारून जाणार होती.

ह्याच खोलीत पूर्वी गाई बांधायच्या. गव्हाण होती तिथं आता पांढरंशुभ्र बेसिन होतं. डेन्योलची कल्पना. नेस्टाचा एकुलता एक मुलगा तो. डोंगरापलीकडच्या जंगलात सायकलींच्या वाटा झाल्या, शहरातली माणसं गाडीच्या टपावर सायकली बांधून यायला लागली, तेव्हा त्याच्या डोक्यानं घेतलं. ह्या लोकांना झोपायला जागा पाहिजे, सायकल कुलपात ठेवायला जागा पाहिजे, ती धुवायला पाइप आणि बूट वाळवायला गरम कपाट पाहिजे. झालं. गोठ्याच्या तीन खोल्या झाल्या. मेंढ्यांच्या कातरणीची शेड होती, तिथं सायकली टांगायचे हूक आले आणि दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप आलं. डेन्योलच्या बापानं, इड्वलनं, ते कुलूप एकदा हातात धरून बघितलं आणि सोडून दिलं. इड्वल कधीच काही बोलत नसे, आणि मग सगळ्यांना वाटायचं की त्याला पटलंय.

खोटं कशाला बोला, नेस्टालाही हौस होतीच. लोकर विकून कातरणीचा खर्च निघत नव्हता. खोल्या सुरू झाल्या त्या वर्षी पहिल्यांदा घरात उबदार पाणी दिवसभर यायला लागलं. पडदे तिनंच निवडले होते, निळ्या फुलांचे. त्या पडद्यांना आता सायकलच्या साखळीचं काळं तेल पुसलेलं होतं.

दुसऱ्या खोलीत तर तिला दारातच थांबावं लागलं. ओट्यावर तिच्या आईचं मांस भाजायचं जाड मातीचं भांडं होतं. खोलीत चांगलं दिसतं म्हणून डेन्योलनं ते फळीवर मांडलेलं. त्यात काळं तेल भरलेलं होतं आणि तेलात साखळी वेटोळं करून भिजत घातली होती.

"डेन्योल," तिनं हाक मारली. "बघ इकडं."

डेन्योल आला, त्यानं बघितलं. "धुतलं की निघेल आई."

"मातीच्या भांड्यात मुरलेलं तेल निघतं होय?"

"नवं घेऊ मग. त्यांच्या बिलात लावतो."

"लाव," नेस्टा म्हणाली. "माझ्या आईला पण लाव बिलात."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी नवी मंडळी यायची होती. आठजण, तिन्ही खोल्या, सोमवारपर्यंत. कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस होता. अंगणात गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून त्यानं मेंढ्या कोंडायच्या लोखंडी जाळ्या उचलून भिंतीमागं रचून ठेवल्या होत्या.

आणि नेमका त्याच संध्याकाळी मर्विनचा फोन आला.

मर्विन नेस्टाचा भाऊ. खालच्या अंगाला त्याचं शेत, तिचं माहेरच ते. खोऱ्यात सहा घरं होती आणि डोंगर सहाही घरांचा मिळून एक होता. मेंढ्या वर मोकळ्या सुटलेल्या. त्या खाली उतरवायच्या तर सहाही घरची माणसं आणि कुत्री लागायची, एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. म्हणून कातरणीची पाळी ठरलेली. खालच्या घरापासून सुरुवात करायची आणि एकेक घर करत वर चढायचं. तारीख नसायची. ऊन पडलं, लोकर कोरडी झाली, की पाळी. मजुरी कुणी कुणाला देत नसे. ज्याच्या घरी कातरणी त्याच्या टेबलावर सगळ्यांनी जेवायचं, तीच मजुरी आणि तेच उपकार.

"नेस्टा, आमचं उरकलं आज," मर्विन म्हणाला. "उद्या ऊन आहे. पहाटेच डोंगरावर चढतो आम्ही. बटाटे सोलायला घे."

नेस्टानं डेन्योलकडं बघितलं. डेन्योलनं जोरजोरात मान हलवली. दोन्ही हात हलवले. अंगणात पहिली गाडी वळत होती.

"मंगळवारी केलं तर चालेल का रे?" ती म्हणाली.

मर्विनच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ तेवढं ऐकू आलं.

"मंगळवारी," मर्विन म्हणाला.

"पाहुणे आलेत. त्यांना शांतता पाहिजे असं कबूल केलंय डेन्योलनं. अंगणात त्यांच्या गाड्या आहेत."

"व्हय. पाहुणे."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बाबा गेले त्या आठवड्यात कातरणी झाली होती, नेस्टा. बाबा वरच्या खोलीत आणि आपण खाली पन्नास माणसाचं रांधत होतो. पाळी हलवली नव्हती."

"माहितीय मला. मी होते तिथं."

"बरं," मर्विन म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. डोंगर धुतल्यासारखा स्वच्छ, वारा हलका, लोकर वाळायला ह्याहून चांगला दिवस देवानंही मुद्दाम काढला नसता. खोऱ्यातली मंडळी पाळी सोडून वरच्या पुढच्या घराकडं गेली. अंगणाखालून त्यांच्या गाड्या गेल्या तेव्हा इड्वल फाटकापाशी उभा होता. दरवर्षी त्या गाड्या आत वळायच्या. एकानं हात केला, बाकीच्यांनी समोर बघितलं. इड्वल मग उगाच फाटकाची कडी काढत-घालत राहिला.

त्या आठजणांचं बरं चाललं होतं. सकाळी चिखलात लोळून आले, पाइपानं सायकलींना न्हाऊमाखू घातलं आणि मग दुपारभर अंगणात बिअर पीत बसले. कुंपणावर त्यांच्या घट्ट काळ्या चड्ड्या वाळत टाकलेल्या, बुडाला गादी शिवलेल्या. नेस्टाला त्यांच्याकडं बघवेना. तिनं चादरी वाळत घातल्या तर शेजारच्या चड्डीचा पांढरा मलमाचा डाग चादरीला लागला. मांड्या घासू नयेत म्हणून ते लोक कसलं तरी मलम फासत. ती चादर तिनं पुन्हा धुतली. हात धुतले. मग पुन्हा धुतले.

त्यांच्यातला एड्रियन म्हणून एक होता, वाढदिवस त्याचाच. तो संध्याकाळी अदबीनं दारात आला.

"तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," तो म्हणाला. "पण त्या मेंढ्या रात्रभर ओरडतात. त्यांचं काही करता येईल का?"

"त्यांना सांगते," नेस्टा म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं गंमत केली. नेस्टाही हसली, कारण हसायचं असं ठरलेलं होतं. ते हसू तिच्या तोंडात नंतर बराच वेळ कडू लागत राहिलं.

सोमवारी ते गेले आणि सोमवारीच आभाळ भरलं. मंगळवारी पाऊस. बुधवारी पाऊस. ओली लोकर कातरता येत नाही, पोत्यात भरली की आतून तापते, कुजते. मर्विनला फोन करायचं काही कारणच राहिलं नाही. मग मध्येच दोन दिवस पाऊस थांबला, पण ऊन काही निघालं नाही. नुसतं कोंदट, दमट, गरम. डोंगर वाफा टाकत होता. आणि माशा. खिडकीच्या काचेवर हिरव्या माशा चालताना दिसल्या तेव्हाच नेस्टानं इड्वलला डोंगरावर धाडलं.

इड्वल संध्याकाळी डोंगरावरून खाली आला तो गाडीच्या मागं एक मेंढी आडवी टाकून. अंगणात थांबला, खुब्याला हात लावत उतरला आणि मेंढी फरशीवर उभी केली.

"बघ," एवढंच म्हणाला.

वरून मेंढी धड दिसत होती. शेपटीजवळ लोकर तेवढी काळपट ओली. नेस्टानं गुडघे टेकले, हातकातरीनं ती लोकर बाजूला केली आणि वास आला. गोडूस, कुजका, घशाला चिकटणारा. लोकर कातरली तसं खालचं कातडं हलताना दिसलं. कातडं हलत नव्हतं, अळ्या हलत होत्या. तळहाताएवढी जागा नुसती वळवळत होती, पांढरी, गच्च, एकमेकींवर चढलेली. कातरीच्या पात्याखालून त्या फरशीवर टपटप पडायला लागल्या. मेंढी ओरडत नव्हती. मान खाली घालून उभी होती आणि दात खात होती.

"किती आहेत अशा?" नेस्टानं विचारलं.

"मला घावली ती ही. वर किती असतील काय सांगू."

दोघांनी मिळून बोटांनी अळ्या ओरबाडल्या, औषध ओतलं. औषध पडल्यावर आतल्या बाहेर आल्या. नेस्टाच्या बाहीत शिरल्या. तिनं बाही झटकली आणि तशीच पुढं लागली.

त्या दिवशी खोल्यांत दुसरी मंडळी होती, सहाजण. त्यांतली एक बाई टॉवेल गुंडाळून दारात आली. तिनं बघितलं, नाकाला टॉवेल लावला.

"हे काय झालंय तिला?"

"माशी लागली," नेस्टा म्हणाली.

"बापरे. ह्याचा वास खोलीत येणार नाही ना?"

डेन्योल शेडमधून पळत आला. आधी त्या बाईशी गोड बोलला. मग पाहुण्यांना कळू नये म्हणून आईच्या कानाशी वाकून आपल्या घरच्या भाषेत म्हणाला, "आई, हे मागच्या बाजूला करा ना. इथं पाहुण्यांच्या समोर नको."

नेस्टा बघत राहिली. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. त्यालाही वास आलाच होता. लहानपणी अशाच मेंढीच्या पाठीतल्या अळ्या त्यानं बापाशेजारी बसून काढलेल्या.

इड्वलनं मेंढीच्या गळ्याखाली हात घातला आणि तिला ओढत, लंगडत, गोठ्यामागं नेली. नेस्टानं कातर उचलली. फरशीवरच्या अळ्या डेन्योलनं सायकल धुवायच्या पाइपानं गटारात लोटल्या.

ती मेंढी सकाळी मेली.

मग तिघं डोंगरावर गेले. एका कुत्रीनं, तीन माणसांनी डोंगर कुठं उतरतो? एका बाजूनं हाकावं तर दुसऱ्या बाजूनं दगडांतून निसटायच्या. इड्वलचा खुबा धरला. डेन्योल धापा टाकत दरडीवर बसला आणि म्हणाला, "ड्रोन आणला असता तर." दहापाच मेंढ्या घेऊन खाली आले. त्यांतल्या चार नासलेल्या.

"मी जाते मर्विनकडं," नेस्टा म्हणाली.

"तू नको," इड्वल म्हणाला. "मी जातो."

"तू जाऊन काय बोलणार?"

ती गेली.

मर्विन फाटकाचं बिजागर ठोकत होता. बहिणीला बघून त्यानं हातोडी खाली ठेवली नाही.

"माशी लागलीय," ती म्हणाली.

"कळलं. ग्वेन्फ्रेड सांगत होती. बाजारात सगळं खोरं बोलतंय." ग्वेन्फ्रेड त्याची बायको. ती खिडकीत दिसली, पण नणंद आली म्हणून बाहेर काही आली नाही.

"मर्विन, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं. तुमचा धंदा आहे." त्यानं एक खिळा ठोकला. "आता कसं, तुम्ही धंद्यातली माणसं. आम्ही आपली मेंढरांतली."

"टोमणे मार. मारून घे. पण डोंगरावर जिवंतपणी किडे खातायत त्यांना."

मर्विन थांबला. हातोडी फाटकाच्या खांबावर ठेवली.

"मेंढरांनी काय पाप केलंय," तो म्हणाला. "येतो आम्ही. परवा कोरडं आहे म्हणतात."

"मी जेवण करते."

"शेडमध्ये सायकली आहेत ना तुमच्या?"

"खालच्या कुरणात जाळ्या लावू."

"लावा," मर्विन म्हणाला आणि पुन्हा हातोडी उचलली.

दोन दिवस नेस्टानं मान वर केली नाही. मेंढीची एक तंगडी भाजली, गोमांसाचा मोठा तुकडा उकडून गार केला. बटाटे बादलीभर सोलले. बीट मुरवलं, वाटाणे सोलले, मनुकांचे पाव केले, तांदळाची खीर मोठ्या पातेल्यात मंद आचेवर दुपारभर ठेवली. टेबलाला दुसरं टेबल जोडलं. पांढरं कापड इस्त्री करून घातलं. डेन्योल सकाळच्या नाश्त्याचं कसं करायचं म्हणून विचारायला आला, तर तिनं त्याला दारातूनच माघारी लावला. जेवण चांगलं झालं तर सगळं होईल असं तिच्या मनानं घेतलं होतं. माणसं टेबलाशी बसली, मर्विन त्याच्या नेहमीच्या जागी खिडकीखाली बसला, दुसऱ्यांदा बटाटे मागितले, की मग झालं. शरदात कोकरं वेगळी करायला पुन्हा सगळे डोंगरावर येतील. नाही तर हे घर खोऱ्यातून उठलंच.

सगळे आले. पाचही घरचे. डोंगर दुपारच्या आत खाली आला. कुरणात यंत्रं सुरू झाली, माणसं वाकली. एकेक मेंढी बुडावर बसवायची, गुडघ्यांत धरायची, पोटापासून सुरुवात करायची. लोकर अंगावरून सदऱ्यासारखी उतरत होती. जिथं माशी लागली होती तिथं यंत्र थांबायचं, कातर घ्यायची, कुणीतरी तोंड वाकडं करायचं, थुंकायचं आणि पुढं जायचं. खत, घाम, लोकरीचं तेल आणि सडलेल्या कातड्याचा वास. मर्विनच्या कोपरापर्यंत रक्त आणि चिकट पाणी होतं. कुणी विनोद करत नव्हतं. कातरणीला विनोद नाहीत असं नेस्टानं कधी ऐकलं नव्हतं. दरवर्षी इड्वलच्या खुब्यावरून, नाहीतर कुणाच्या तरी लग्नावरून, दिवसभर दात निघायचे.

सायकलवाले सहाजण कुंपणाशी येऊन फोटो काढून गेले.

दुपारी यंत्रं बंद झाली. नेस्टानं हात पुसले, एप्रन काढला, केस सारखे केले आणि कुरणाच्या फाटकापाशी आली.

"चला," ती म्हणाली. "पानं वाढलीत."

कुणी उठलं नाही. मर्विननं आपल्या गाडीचं दार उघडलं आणि आतून एक डबा आणि थर्मास काढला. बाकीच्यांनीही काढले. सगळ्यांनी. डबे घेऊन ते दगडी भिंतीवर ओळीनं बसले, हात गवताला पुसले आणि खायला लागले.

नेस्टा तिथं उभी होती. तिला आधी कळलंच नाही. कातरणीला घरून डबा? असं कुणी कुणाशी केलं नव्हतं. दुश्मनाच्या घरीसुद्धा नाही.

"मर्विन," ती म्हणाली. "आत चल. तुझी जागा ठेवलीय."

"अंग घाण झालंय गं आमचं," मर्विन तोंडातला घास गिळत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. "तुमच्याकडं पाहुणे असतात. उगाच फरशी कशाला नासवा."

"आजवर ती फरशी तुमच्याच बुटांनी झिजली."

"व्हय." त्यानं डब्याकडं बघितलं. "ग्वेन्फ्रेडनं जास्तच भरलंय. इड्वल, घे एक."

इड्वल भिंतीपासून दोन हात लांब उभा होता. त्यानं मान हलवली आणि पाण्याचा डबा घेऊन कुत्रीकडं गेला.

"शरदात?" नेस्टानं विचारलं. "कोकरांच्या वेळी?"

"बघू," मर्विन म्हणाला.

नेस्टा त्याची बहीण होती. मर्विनचं 'बघू' म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती घरात परत आली. पांढऱ्या कापडावर वीस माणसांची ताटं, काचेच्या वाटीत बीट, मधोमध भाजलेली तंगडी. मांसाच्या रसाच्या कडेला चरबीचा थर धरायला लागला होता. तिनं खुर्चीची पाठ धरली. तिला ओकारी येईल असं वाटलं. मेंढ्यांची नाही आली, अळ्यांची नाही आली. ह्या टेबलाची, त्या इस्त्रीच्या कापडाची, आणि दोन दिवस बटाटे सोलून माणसं परत घेता येतील असं वाटणाऱ्या बाईची यायला लागली.

दारावर टकटक झाली. सायकलवाल्यांतला एकजण होता, चिखलानं माखलेला. त्याच्यामागं बाकीचे. टॉवेलवाली बाईही होती.

"माफ करा," तो म्हणाला. "इतका सुंदर वास येतोय. आम्हाला वाटलं इथं जेवण मिळतं का. आम्ही उपाशीच आलोय."

खालच्या कुरणात यंत्र पुन्हा सुरू झालं. नेस्टानं खिडकीतून बघितलं. मर्विन पुढच्या मेंढीवर वाकला होता.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. चिखलाच्या चड्ड्यांनी त्या खुर्च्यांवर बसले, एकजण खिडकीखाली, मर्विनच्या जागी. नेस्टानं वाढलं. तंगडी कापली, रस ओतला, बटाटे दिले. त्यांनी दोनदोनदा घेतले. बाईनं खिरीचं पातेलं खरवडलं आणि हे कसं करतात ते विचारलं. नेस्टानं सांगितलं. डेन्योल दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला.

"असं जेवण आम्ही आयुष्यात जेवलो नाही," खिडकीखालचा तोंड पुसत म्हणाला. पांढऱ्या कापडाच्या टोकानंच पुसलं त्यानं. "किती झाले?"

नेस्टानं तोंड उघडलं. कातरणीचं जेवण विकत नसतात, असं सांगायला उघडलं होतं. तिच्या आईनं कधी विकलं नव्हतं, सासूनं नव्हतं. खोऱ्यात कुणीच नव्हतं.

"बारा पौंड," ती म्हणाली. "माणशी."

"फारच स्वस्त," तो म्हणाला, आणि पैसे काढायला त्यानं मळकट हात खिशात घातला.